एकाच खनिजशिरेत वर चांदी-सोनं आणि खाली शिसं-जस्त, असं का असतं?

थोडक्यात, पाणी उकळल्यामुळे. मेक्सिकोतल्या ग्वानाह्वातोची ‘वेता माद्रे’ ही खनिजशीर घ्या. सुमारे 25 किलोमीटर लांबीच्या या भ्रंशातून, म्हणजे खडक सरकून पडलेल्या भेगेतून, कोट्यवधी वर्षांपूर्वी खनिजं विरघळलेलं गरम पाणी वर चढलं. वर दाब घटला की ते उकळतं, हायड्रोजन सल्फाइड हा गंधकयुक्त वायू निसटतो. गंधकाच्या जोरावर विरघळून राहिलेलं सोनं मग तिथंच साचतं, चांदीही. शिसं-जस्त बहुतांशी त्या पातळीच्या खाली. शिरेतल्या दगडाच्या नमुन्यात पांढऱ्या गारेच्या (क्वार्ट्झच्या) पट्ट्यांमधली बारीक काळी रेघ बघा, चांदी बहुधा तीच! पात्यांसारखं कॅल्साइट (चुनखडीतलं खनिज) दिसलं तर पाणी उकळल्याची खूण पटली. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना मात्र हे लावू नका. तिथल्या शिरा खूप खोलवर घडल्या, 3 किलोमीटरखालीही सोनंच निघत होतं.