सासूबाईंना घेऊन होक्काइडोला जायचंय, जमेल का?

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही नागपूरच्या धरमपेठचे. मी, मिस्टर, पाचवीतला मुलगा आणि सासूबाई (वय ७१, शुद्ध शाकाहारी, गुडघ्यांचा थोडा त्रास) असे चौघे फेब्रुवारीत आठ दिवस जपानला जाणार आहोत. मुलाला होक्काइडोचा, म्हणजे जपानच्या उत्तरेकडच्या बेटावरचा, बर्फ बघायचाय. टोकियो, क्योतो आणि होक्काइडो तिन्ही करू, होक्काइडोत गाडी भाड्याने घेऊ असं मिस्टर म्हणतात. हे बरोबर आहे का? आणि जेवणाचं कसं करायचं?

उत्तर: ताई, पहिले तर क्योतो यादीतून काढा. वाईट वाटेल माहितीये, पण नागपूरहून थेट विमान नाही, म्हणजे दिल्ली नाहीतर मुंबई, तिथून टोकियो, मग टोकियोहून परत विमान धरून होक्काइडोतल्या साप्पोरो या मोठ्या शहराजवळचं न्यू चितोसे एअरपोर्ट, जाण्यायेण्यातच तीन दिवस गेले समजा. उरले पाच. त्यात क्योतो घुसवलं की रोज बॅगा भरा, रोज स्टेशनचे जिने, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाचे त्यात फार हाल होतात हो.

साप्पोरोत एकच हॉटेल घ्या, शक्यतो स्टेशनजवळ, आणि तिथूनच फिरा. स्टेशनपासून शहराच्या मध्यातल्या ओदोरी भागापर्यंत जमिनीखालून चालायचा रस्ता आहे, बाहेर कितीही बर्फ पडो, सासूबाई आरामात चालतील. सायबेरियातला गार वारा समुद्रावरून येताना बाष्प उचलतो आणि ते सगळं इथे बर्फ होऊन पडतं, शहरात एका हिवाळ्यात पाच मीटरच्या आसपास, त्यामुळे मुलाला बर्फासाठी कुठे डोंगरात न्यायची गरजच नाही, हॉटेलच्या दारातच मिळेल. १९५० साली शाळकरी मुलांनी ओदोरी पार्कमध्ये बर्फाचे सहा पुतळे केले होते, त्यातूनच आजचा स्नो फेस्टिवल उभा राहिला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला आठवडाभर असतो आणि तेव्हा हॉटेलचे भाव फार चढतात, म्हणून मी म्हणेन शेवटचे दोन दिवस सापडतील अशा बेताने पोचा, पुतळेही बघून होतील आणि पुढच्या रात्री स्वस्तात पडतील. त्सुदोमे नावाच्या ठिकाणी मुलांसाठी बर्फाच्या घसरगुंड्या असतात, तिथे अर्धा दिवस सहज जातो.

मग एक दिवस ओतारू, ट्रेनने पाऊण तासाच्या आत. जाताना उजवीकडे बसा, समुद्र अगदी रुळाला लागून आहे. एक दिवस आसाहिकावाचं आसाहियामा झू, तिथे बर्फात पेंग्विनना फिरायला काढतात आणि आपण दोन्ही बाजूंना उभं राहून बघायचं, पोरगा खूश होईल, पण ट्रेन आणि वर बस असा दिवस लांबतो, सासूबाई थकल्या असतील तर त्यांना हॉटेलवर आराम करू द्या. त्यांच्यासाठी नोबोरिबेत्सु ठेवा. गरम पाण्याचे झरे आहेत, गुडघ्यांना बरं वाटेल. फक्त सार्वजनिक कुंडात कपडे न घालता उतरतात, बायकांचं वेगळं असतं तरी आपल्याकडच्या बायकांना अवघड वाटतंच, तेव्हा खाजगी कुंड तासाने मिळतं का ते बुकिंग करतानाच विचारा.

गाडीचं मात्र नकोच. आरटीओतून मिळणारं इंटरनॅशनल परमिट तिथे चालतं, गाडीही डावीकडूनच, म्हणून मिस्टरांना सोपं वाटत असणार. पण रस्त्यावरचा बर्फ दिवसभर चाकांखाली दाबला जाऊन काचेसारखा गुळगुळीत होतो, आणि वाऱ्याने बर्फ उडायला लागला की समोरचं काही दिसत नाही, रस्त्याची कड कुठे आहे हे दाखवायला वरून बाण लटकवलेले असतात तिथे. तिथली माणसं लहानपणापासून हे करतात. आपण नागपूरच्या उन्हात गाडी शिकलेली माणसं, लेकरू आणि म्हातारं माणूस सोबत असताना हे शिकायला जाऊ नये. पायी चालतानाही सांभाळा. साप्पोरोत चौकाचौकात एक पेटी ठेवलेली असते, आत बारीक खडी, कोणीही काढायची आणि क्रॉसिंगवर पुढे टाकत जायची. सासूबाईंचा हात धरून निघायच्या आधी तुम्हीही टाका, आणि बुटांना लावायचे काटे तिथल्या दुकानातून पहिल्याच दिवशी घ्या.

जेवणात खरी अडचण आहे दाशीची. मिसो सूपपासून नूडल्सपर्यंत बहुतेक ठिकाणी माशाचं पाणी असतं, डोळ्यांना ते दिसत नाही. साप्पोरोची सूप करी नाव ऐकून आपली वाटते पण तिचाही रस्सा बहुतेक चिकनचाच, विचारल्याशिवाय देऊ नका. पण होक्काइडो म्हणजे बटाटा, मका, दूध, लोणी (जपानचं निम्म्याहून जास्त दूध तिथलं), तेव्हा उकडलेला बटाटा-लोणी, मका, ब्रेड, दही यावर माणूस उपाशी राहत नाही. किचन असलेली खोली मिळाली तर उत्तमच. पोहे, मेतकूट, भाजणी, रेडी उपमा न्या. घरची इलेक्ट्रिक केटल नेऊ नका, तिथे वीज १०० व्होल्टची, पाणी धड उकळणारच नाही. आणि कौतुकाने संत्री बांधून नेऊ नका, ताजी फळं तिथे क्वारंटाइनमध्ये अडवतात.

कपड्यांचं एवढंच की एक जाड स्वेटर नको, आत थर्मल, मध्ये लोकर, वर पाणी न शिरणारं जॅकेट. बाहेर उणे पाच-सहा आणि दुकानात शिरलं की घाम, काढता-घालता आलं पाहिजे. मुलाला जीन्स नको, भिजली की वाळत नाही.

आणि शेवटची रात्र टोकियोत काढा. वादळात न्यू चितोसेची विमानं रद्द होतात. त्याच दिवशी दिल्लीचं विमान पकडायचं ठेवलंत आणि तिकिटं वेगवेगळी असली तर पैसे बुडतील. टोकियोही थोडं बघून होईल.

प्रश्न: मुलींना फेब्रुवारीत शाळा बुडवता येत नाही. मे महिन्यात गेलो तर बर्फ मिळेल का? – मनीषनगरहून एक बाबा

उत्तर: शहरात नाही दादा. मेच्या सुरुवातीला साप्पोरोत चेरी फुललेली असते, बर्फ उरतो तो उंच डोंगरांवर, आणि २९ एप्रिल ते ५ मे तिथल्या लोकांचीच सुट्टी असते त्यामुळे गर्दी. दिवाळीतही भरवसा नाही, पडला तरी टिकत नाही. नाताळच्या सुट्टीत जा, तोवर साप्पोरोत बर्फ बसलेला असतो. फक्त दुपारी चारलाच अंधार पडतो, तेव्हा बाहेरचं फिरणं सकाळीच उरका, आणि तिकिटं दिवाळीच्या आधीच काढून ठेवा.