डेस्कटॉपच्या नंबर पॅडची बटणं आपल्या सोयीनं बदलता येतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात एका दुकानात हिशेब लिहिता, दिवसभर एक्सेल आणि टॅलीत आकडे भरता. कीबोर्डच्या उजवीकडच्या नंबर पॅडवरच्या बटणांना वेगळी कामं लावता येतील का, मराठी आकडे काढता येतील का, आणि त्यासाठी वेगळा कीबोर्ड घ्यावा लागेल का?

कीबोर्ड अजिबात घेऊ नका. आम्ही एकदा विनाकारण घेतलाय.

मी मार्केट यार्डात गुळाच्या एका अडत दुकानात कॉम्प्युटर बघतो. दिवाळीच्या पाडव्याला सौदे निघाले की पुढं काही महिने मान वर करायला सवड नसते. रवे (गुळाच्या ढेपा) किती, वजन किती, दर काय, हमाली, तोलाई, की झाली शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे हिशेबाचा कागद. सगळं एक्सेलच्या आडव्या ओळीत. प्रत्येक आकड्यानंतर पुढच्या रकान्यात जायला टॅब मारायचा, आणि टॅब बसलाय कीबोर्डच्या पार डाव्या टोकाला. उजवा हात पॅडवर, डावा टॅबवर, मग वजनाची चिठ्ठी काय दातात धरायची? म्हणून मी शार्पकीज नावाच्या फुकट मिळणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमनं पॅडवरच्या अधिकच्या बटणाला टॅबचं काम लावलं. मशीन बंद करून चालू केलं, झकास चाललं.

चूक एकच केली, कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी जोतिबाला गेलेलो आणि आमचे दिवाणजी मशीनवर बसले. त्यांनी स्क्रीनवरचा कॅल्क्युलेटर उघडला, आकडा टाकला, अधिक दाबलं. बेरीज होईना. त्यांना वाटलं गुळाचा चिकटा गेला आत. बटण उपसून खाली कापूस फिरवला, तरी तेच. शेवटी पोराला राजारामपुरीत पाठवून नवा कीबोर्ड आणवला. तो लावला, तर नव्यालाही तोच रोग! संध्याकाळी मला फोन आला तेव्हा आवाजावरनं कळलं की प्रसाद घेऊन गेलो तरी भागणार नाही.

रोग कीबोर्डात नव्हताच. साधा कीबोर्ड फक्त कुठलं बटण दाबलं त्याचा एक क्रमांक पाठवतो. त्याचा अर्थ विंडोज लावते. शार्पकीज तो अर्थच विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या सेटिंग्जच्या वहीत, बदलून ठेवतं. म्हणून कुठलाही कीबोर्ड जोडा, कुणाच्याही नावानं लॉगिन करा, अधिक म्हणजे टॅबच. मागं कुठलाही प्रोग्रॅम चालू ठेवावा लागत नाही हा त्याचा फायदा. पण एका बटणाला दुसरं एकच बटण, एवढंच त्याला जमतं. मशीन एकट्याच्या हातात असेल तरच हा मार्ग धरा.

तुमचं दुकान आमच्यासारखं असेल तर मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉईज घ्या, तेही फुकट आहे. त्यात कीबोर्ड मॅनेजर म्हणून एक भाग आहे. एकीकडं जुनं बटण दाखवायचं, दुसरीकडं नवं काम. पॉवरटॉईज बंद केलं की सगळी बटणं मूळ कामावर येतात, दिवाणजी खूश. शिवाय बटणाला नुसतं दुसरं बटणच नाही, लिहिलेला मजकूरही लावता येतो. मी पॅडवरच्या तिरप्या रेघेला दोन शून्यं लावलीत. गल्ल्यावरच्या कॅल्क्युलेटरवर डबल शून्याचं बटण असतं ना, बोटांना त्याची सवय असते. भागाकाराची खूण अक्षरांच्या बटणांतही आहेच, तिकडून घ्यायची. गुणाकाराच्या चांदणीला रुपयाचं चिन्ह लावता येतं.

आता टॅली. तिथं व्हाऊचर भरून झालं की कंट्रोल-ए, म्हणजे पुन्हा डाव्या हाताची धाव. हे पॅडवरच्या एका बटणावर हवं, पण फक्त टॅलीची खिडकी पुढं असताना. कारण एक्सेलमध्ये तेच कंट्रोल-ए सगळं शीट निवडतं, आणि मग पुढचं चुकीचं बटण काय करेल ते देव जाणे. पॉवरटॉईजमध्ये सुट्या बटणाला असं प्रोग्रॅमचं बंधन घालता येत नाही, दोन-तीन बटणांच्या जोडणीलाच येतं. त्यासाठी ऑटोहॉटकी नावाचा वेगळा प्रोग्रॅम लागतो. त्यात नोटपॅडमध्ये चार ओळी लिहाव्या लागतात, पण घाबरू नका: डावीकडं बटणाचं नाव, मग दोन कोलन, मग काम. नावांची यादी त्याच्या मदतीच्या पानावर मिळते.

इथं एक गोम आहे, जिच्यापायी माझे दोन दिवस गेले. बऱ्याच दुकानांत टॅली ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून ठेवलेलं असतं. तसं असेल तर साध्या अधिकारानं चाललेलं पॉवरटॉईज किंवा ऑटोहॉटकी टॅलीपुरतं मुकं होतं. बाकी सगळीकडं बटण चालतं, टॅलीत तेवढं नाही. त्यांनाही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करून चालवा.

मराठी आकड्यांचं मात्र जरा नीट ऐका. एक्सेलमध्ये बेरीज-वजाबाकी असेल तर पॅडच्या आकड्यांना हात लावू नका. भरायचे इंग्रजीच, दाखवायचे मराठीत. सेलच्या फॉरमॅटमध्ये कस्टम निवडा आणि तिथं टाका: चौकटी कंस उघडा, डॉलरची खूण, आडवी रेघ, ४०००४३९, कंस बंद, शेवटी एक शून्य. हे आकडे टाकताना इंग्रजीच टाका. आत १२५० तसाच हिशेबाचा राहतो, कागदावर देवनागरीत उमटतो. पट्टी हातात घेणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला तेवढंच पाहिजे असतं.

पण वर्डमध्ये पत्र, पावती, लग्नपत्रिका करायची असेल तर पॅडवरूनच मराठी आकडे यावेत असं वाटणारच. तिथं पॅडवरचं नमलॉकचं बटण कामाला येतं. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या ८३ बटणांच्या कीबोर्डवर बाणांची वेगळी बटणं नव्हतीच. एकाच पॅडवर आकडेही होते आणि बाणही, म्हणून नमलॉक लागायचं. पुढं बाण वेगळे झाले, नमलॉक मात्र राहिलं, आणि आज बहुतेकांना ते चुकून दाबलं गेल्यावरच आठवतं. नमलॉक बंद असताना सातचं बटण होम होतं, एकचं एंड, शून्याचं इन्सर्ट. पाचाला बहुतेक ठिकाणी कामच नसतं. ऑटोहॉटकी या दोन्ही अवस्थांना वेगवेगळी नावं देतं, पॅडवरचा होम आणि बाणांच्या वरचा होमसुद्धा वेगळा ओळखतं. म्हणजे पॅडवर एक अख्खा दुसरा थर मोकळा पडलाय.

मी त्या थरात देवनागरी आकडे बसवलेत. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, देवनागरी शून्याची जागा ०९६६, तिथून ओळीनं दहा. नमलॉकचा दिवा पेटलेला असला की इंग्रजी आकडे, विझलेला असला की मराठी. भाषा बदलायला कुठं जावं लागत नाही आणि दिव्याकडं बघून कुणालाही कळतं. शार्पकीजनं हे होणार नाही, कारण दोन्ही अवस्थांत बटणाचा क्रमांक एकच असतो.

वेगळा यूएसबी नंबर पॅड आणून फक्त त्याचीच बटणं बदलावीत असं मनात असेल, तर पॉवरटॉईज दोन पॅडमध्ये फरक करत नाही, दोन्हीकडं तोच बदल लागू होतो. ज्याच्या आतच बटणांची मांडणी साठवता येते असा कीबोर्ड मिळतो, पण महाग पडतो, आणि तुमच्या कामाला त्याची गरज नाही.

शार्पकीज वापरलंच आणि परत फिरायचं असेल, तर ते उघडून यादी रिकामी करा, ‘राईट टू रजिस्ट्री’ दाबा आणि मशीन पुन्हा चालू करा. आमचा तो नवा कीबोर्ड दुकानदारानं परत घेतला नाही. अजून माळ्यावर खोक्यात पडलाय, आणि दरवर्षी दसऱ्याच्या साफसफाईला दिवाणजी तो खाली काढून माझ्यासमोर ठेवतात.