कंपनीने अपडेट बंद केले, तर चांगला चालणारा मेश वायफाय फेकून द्यायचा का?

तुमचा प्रश्न असा : २०१८ च्या सुमारास घेतलेला तीन युनिटचा मेश वायफाय (घरभर ठेवलेली युनिट मिळून एकच वायफाय पसरवतात तो संच) आहे, नागपुरात दोन माळ्यांचं घर आहे, रेंज अजूनही छान येते, पण यापुढे अपडेट मिळणार नाहीत असं ॲप सांगतंय. नवीन संच घ्यायलाच पाहिजे का?

नाही. पण तो आज आहे त्या जागी, आहे तसा ठेवू नका. मी नागपुरातच राहतो आणि नात्यातल्या, शेजारपाजारच्या घरांतलं वायफाय बऱ्याचदा माझ्याच गळ्यात असतं. धडधाकट राउटर भंगारात जाताना पाहिले की जीव हळहळतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अपडेट बंद होतात तेव्हा दोन गोष्टी होतात आणि लोक त्या एकच समजतात. पहिली सुरक्षेची. राउटरच्या सॉफ्टवेअरमध्ये नवीन भोक सापडलं तरी ते बुजवणारा कुणी राहत नाही. दुसरी ताब्याची. मेशची बहुतेक मॉडेल कंपनीच्या ॲपवरून आणि कंपनीच्या सर्व्हरमार्फतच चालतात. कंपनीने ती सेवा काढून घेतली की राउटर चालू राहतो, पण पासवर्ड बदलायलाही जागा उरत नाही. गूगलच्या ऑनहबचं असंच झालं. टीपी-लिंक आणि असूसने बनवलेले ते राउटर २०१५ मध्ये आले, आणि जानेवारी २०२३ पासून वायफाय येत राहिलं तरी ॲपमधून त्यांची देखभाल बंद झाली.

धोका खरा आहे, उगाच घाबरवत नाही. मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचं मालवेअर उघडकीस आलं, तेव्हा ५४ देशांतली किमान ५ लाख उपकरणं बाधित होती आणि त्यांत घरगुती राउटरच जास्त होते. मे २०२५ मध्ये एफबीआयने, म्हणजे अमेरिकेच्या तपास यंत्रणेने, जाहीर इशारा दिला की सपोर्ट संपलेले जुने राउटर ताब्यात घेऊन गुन्हेगार त्यांचा आडोसा म्हणून वापर करतात. गुन्हा दुसऱ्याचा आणि इंटरनेटचा पत्ता तुमच्या घरचा, असा तो प्रकार. अशा हल्ल्यांत बाहेरून राउटर चालवण्याची सोय, म्हणजे रिमोट मॅनेजमेंट, उघडी राहिलेली असणं हे मोठं कारण होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की राउटरचं वय बघू नका, जागा बघा. वाड्याच्या दिंडीदरवाजाला मजबूत कडी लागते, आतल्या खोल्यांच्या दारांना साधा अडसर पुरतो. जुना मेश दिंडीवरून काढा आणि आत बसवा. इंटरनेटला थेट तोंड देणारं उपकरण अपडेट मिळणारं हवं. त्याच्या मागे जुनी युनिट फक्त ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केवळ वायफाय पसरवायला, आणखी काही वर्षं राहू शकतात.

आधी एक गोष्ट तपासा. मेशच्या ॲपमध्ये इंटरनेट किंवा वॅन आयपी, म्हणजे मेशला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता, असं लिहिलेलं असेल. तो आकडा १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर मेशच्या पुढे आधीच एक राउटर बसलेला आहे. फायबरवाल्याने भिंतीवर लावलेली डबी बहुतेक घरांत हेच काम करत असते आणि घरात दोन राउटर एकामागे एक राबत असतात. तसं असेल तर मेश ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकल्याने तुमचं काहीच जात नाही, उलट मधला एक अडथळा कमी होतो. त्या डबीला अपडेट कोण देतं, हे मात्र फायबरवाल्याला विचारा. बऱ्याच कंपन्या ते दुरूनच करतात. उत्तर गोलमाल मिळालं तर एकच नवीन साधा राउटर घेऊन पुढे लावा. तो तीन युनिटच्या संचापेक्षा खूप स्वस्त पडतो.

नवीन घेताना एक युक्ती. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायदा आहे की सुरक्षेचे अपडेट किमान केव्हापर्यंत देणार, हे कंपनीने जाहीर केलंच पाहिजे. त्यामुळे तुम्ही घेणार ते मॉडेल तिथेही विकलं जात असेल, तर कंपनीच्या ब्रिटनच्या साइटवर ती मुदत वाचायला मिळते. दुकानदाराच्या ‘चालेल हो पाच वर्षं’पेक्षा ते बरं.

आता मोड बदलायचं. टीपी-लिंक डेकोच्या ॲपमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड सरळ मिळतो. गूगल वायफायमध्ये अडचण आहे : एकापेक्षा जास्त युनिट मेशमध्ये असतील, तर ब्रिज मोड (ॲक्सेस पॉइंट मोडला तिथे हे नाव आहे) चालत नाही. ॲप जिवंत आहे तोवरच ही कामं उरकून घ्या. वायफायचं नाव आणि पासवर्ड, फायबरवाल्याने लॉगिन दिलं असेल तर ते, प्रत्येक युनिट कोणत्या मोडवर आहे, सगळं वहीत लिहून ठेवा. रिमोट मॅनेजमेंट, डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) आणि यूपीएनपी (घरातल्या उपकरणांनी राउटरमध्ये आपणहून बाहेरची वाट उघडण्याची सोय) बंद करा. सुरक्षेत, म्हणजे वायफायचं कुलूप कोणतं ते निवडताना, डब्ल्यूपीए २ एईएस ठेवा; टीकेआयपी हे जुनं, कच्चं कुलूप असलेला पर्याय नको. ॲडमिनचा पासवर्ड वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा.

आत बसवलं म्हणून जुनं उपकरण अभेद्य होत नाही, हेही सांगायला हवं. घरातल्याच एखाद्या मोबाइलमध्ये किंवा स्वस्त कॅमेऱ्यात मालवेअर शिरलं, तर ते आतून या युनिटपर्यंत पोचू शकतं. म्हणून कॅमेरे, स्मार्ट प्लग आणि पाहुण्यांचे फोन पुढच्या नवीन राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे घरच्या उपकरणांपासून वेगळ्या ठेवलेल्या वायफायवर, ठेवा. घरून ऑफिसचं गोपनीय काम कुणी करत असेल, तर तो लॅपटॉप केबलनेच नवीन राउटरला जोडा.

केबलचा विषय निघालाच आहे. जुन्या मेशचा सगळ्यात मोठा फायदा मला यातच दिसतो. तुमच्या काळातलं वायफाय ५ चं साधं युनिट फोनशी कागदावर ८६७ एमबीपीएसने बोलतं, प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतं. तुमचा प्लॅन १०० किंवा २०० चा असेल तर तेवढं पुरून उरतं. मग वरच्या माळ्यावर वेग का पडतो? कारण ज्या रेडिओवरून युनिट फोनशी बोलतं, त्याच रेडिओवरून ते खालच्या युनिटशीही बोलतं आणि वेग निम्मा होतो. दोन्हींच्या मध्ये केबल टाकली की ही वाटणी संपते. कॅट ५ई केबलही १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस नेते, घराला आणखी काय पाहिजे. बर्डीच्या बाजारात केबल घेताना शुद्ध तांब्याची मागा. वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनिअम अशी स्वस्त केबलही त्याच रंगात मिळते, ती लवकर दगा देते. जोडणी झाल्यावर वेग बरोबर १०० च्या खाली अडकला तर कनेक्टर तपासा. आठही तारा पक्क्या बसलेल्या नसतील, चारच चालत असतील, तर नेमकं असंच होतं. आणि केबल गच्चीवरून, बाहेरून नेऊ नका. उन्हाने तिचं कवच तडकतं आणि जूनमधल्या विजांनी पोर्ट जळतात. जिन्यातून, पाइपातून न्या.

तुमच्यासारख्या थोड्या धीराच्या माणसाला मी पुढची पायरीही सुचवेन : ओपनडब्ल्यूआरटी. हे राउटरसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, २००४ पासून जगभरचे लोक मिळून ते सांभाळत आहेत. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरचा कोड खुला झाला, त्यातून ते उभं राहिलं. कंपनीने सोडून दिलेल्या राउटरला यातून पुन्हा अपडेट मिळू लागतात आणि ॲपचं बंधनही सुटतं, सगळं ब्राउझरमधून चालतं. गूगल वायफाय, लिंकसिस वेलोपची काही मॉडेल, डेको एम४ च्या काही आवृत्त्या यांना ते चालतं. ‘काही’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. एकाच नावाच्या व्ही१ आणि व्ही४ युनिटच्या आत वेगळ्या चिप असू शकतात, चुकीची फाइल टाकली तर युनिट बंद पडतं. युनिटच्या तळाच्या स्टिकरवरची आवृत्ती वाचा आणि ओपनडब्ल्यूआरटीच्या साइटवरच्या यादीत अगदी तीच शोधा. नसेल तर तिथेच थांबा. वायफायची चिप ब्रॉडकॉमची असेल तर आशा कमीच ठेवा, कारण त्यांच्या बहुतेक वायफाय चिपचे ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारं सॉफ्टवेअर, खुले नाहीत.

यादीत असेल तर सुरुवात एकाच युनिटपासून करा. लॅपटॉप केबलने जोडा आणि दोन्ही उपकरणं इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या. फाइल चढत असताना लाईन गेली तर युनिट अर्धवट राहतं. कंपनीच्या सॉफ्टवेअरवरून येताना फॅक्टरी नावाची फाइल लागते, पुढच्या अपडेटला सिसअपग्रेड नावाची. युनिट परत सुरू झालं की १९२.१६८.१.१ वर उघडतं आणि पासवर्ड रिकामा असतो, तो पहिल्यांदा टाका. देश भारत निवडा. केबल असेल तर मेशची गरजच नाही : सगळ्या युनिटला एकच नाव, एकच पासवर्ड द्या आणि २.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ असे चॅनल वाटून द्या, फोन आपला आपण जवळचं युनिट धरतो. केबल शक्यच नसेल तर ८०२.११एस मेश (युनिट वायफायनेच एकमेकांना जोडण्याची प्रमाणित पद्धत) बांधता येतो, पण त्यासाठी मूळचं डब्ल्यूपॅड-बेसिक पॅकेज काढून डब्ल्यूपॅड-मेश घालावं लागतं. नाहीतर पासवर्ड असलेला मेश जोडला जात नाही. बरेच जण इथेच अडकतात.

आता आपल्या नागपूरचं. घरगुती राउटर बहुतेक ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि मे महिन्यात आपल्या वरच्या माळ्याची स्लॅब त्याच्या कितीतरी पुढे जाते. म्हणून वरचं युनिट सगळ्यात आधी थकतं. छताजवळ, टीव्हीच्या मागे किंवा बंद कपाटात ठेवू नका. डोक्याच्या उंचीवर, आतल्या भिंतीला लावा. कूलरपासूनही लांब ठेवा. लोखंडी पत्रा, टाकीतलं पाणी आणि ओलं गवत हे तिन्ही सिग्नल अडवतात, शिवाय कूलरची दमट हवा युनिटच्या आत जाते. उन्हाळ्यात खिडकीत कूलर बसला की त्या खोलीत वायफाय अचानक का मंदावतं, याचं उत्तर पुष्कळदा तिथेच असतं. युनिट स्वतःहून बंद-चालू होऊ लागलं तर आधी ॲडॉप्टर बदलून बघा. उष्णतेने त्यातले कपॅसिटर जातात आणि दोष राउटरवर येतो. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, पिन आणि तिची ध्रुवता जुळणारी.

सोडून कधी द्यायचं? ॲप बंद झालंय, ओपनडब्ल्यूआरटी चालत नाही आणि पासवर्ड बदलायचा कुठलाच मार्ग उरला नाही, तर ते युनिट काढा. फक्त डब्ल्यूपीएपर्यंतच पोचणारं, म्हणजे डब्ल्यूपीए २ सुद्धा नसलेलं असेल तरी काढा. रीसेट करून आधी त्यातलं सगळं पुसा, ॲपमधल्या खात्यातूनही हटवा. कचरागाडीत टाकू नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार जुन्या उपकरणांचं नोंदणीकृत रिसायकलरकडून रिसायकलिंग होईल हे बघण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा कंपनीच्या साइटवर संकलन केंद्र शोधून तिथेच द्या.

तुमच्या प्रश्नात मॉडेलचं नाव नाही. तिन्ही युनिटच्या तळाचं मॉडेल आणि आवृत्ती खाली लिहा (फोटो टाकलात तर सिरियल नंबर आणि वायफायचा पासवर्ड झाका), आणि वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होतो का तेही सांगा. तुमच्या युनिटला ओपनडब्ल्यूआरटी चालतं का, ते मी यादीत बघून कळवतो.