जुन्या गाडीला मिळालेली सूट नातवंडांना लागू होत नाही

प्रश्न : आम्ही प्रभात रस्त्यावर एकत्र राहतो. घरात १९५२ सालची एमजी टीडी, म्हणजे दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार आहे. आजेसासऱ्यांनी घेतलेली ही गाडी आता सासरे जिवापाड सांभाळतात. दर रविवारी सकाळी ते आणि सासूबाई मुलांना घेऊन खडकवासल्याला जातात. चार वर्षांचा मुलगा सासूबाईंच्या मांडीवर आणि सात वर्षांची मुलगी दोघांच्या मधे बसते. गाडीला सीट बेल्ट नाहीत. मी बोलले की सासरे म्हणतात, "जुन्या गाडीला बेल्टची सक्ती नाही. मी चाळीसच्या वर जात नाही. माझे बाबा मला ह्याच गाडीतून न्यायचे." वडिलांशी बोलणं ह्यांना जड जातं. आरसी बुक अजून आजेसासऱ्यांच्या नावावर आहे, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. विमा फक्त थर्ड पार्टीचा आहे. मला पोलिसांत जायचं नाही. पण मी उगाच घाबरते आहे का?

उत्तर : नाही, तुमची भीती रास्त आहे. सासऱ्यांचं पहिलं म्हणणं मात्र निम्मं बरोबर आहे. ते मान्य करून बोललात तर पुढचं ते ऐकून घेतील. सीट बेल्ट बसवण्याची सक्ती आपल्याकडे १९९०च्या दशकात आली, आणि ती त्यानंतर बनणाऱ्या गाड्यांना होती. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला बेल्ट लावण्याचा १३८वा नियमही ज्या गाड्यांना त्या सक्तीप्रमाणे बेल्ट दिलेले आहेत, त्यांच्याबद्दलच बोलतो. म्हणजे सासरे आणि सासूबाई दोघंच बेल्टशिवाय या गाडीतून गेले, तर त्यांच्या बाजूने वकिलाला काहीतरी मांडता येईल.

मुलांच्या बाबतीत तसं काही मांडता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४-बी आलं. त्याच्या दुसऱ्या पोटकलमानुसार, चौदा वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा मुलांसाठीच्या खास आसनाने बांधलेलं नसताना जो गाडी चालवेल, चालवायला लावेल किंवा चालवू देईल, त्याला एक हजार रुपये दंड आहे. 'गाडीला बेल्ट असतील तर' ही अट तिथे नाही. काही वर्गातल्या व्यावसायिक वाहतुकीच्या गाड्या वगळण्याची मुभा राज्य सरकारला आहे, पण ती पहिल्या पोटकलमापुरती, म्हणजे चालक आणि प्रवाशांनी बेल्ट लावण्यापुरती. सूट मिळालीच असेल तर ती गाडीला आहे, मुलांना नाही. 'चालवू देईल' हे शब्द तुमच्या यजमानांनी मुद्दाम वाचावेत.

दंडाची रक्कम किरकोळ आहे. मला खरी काळजी वाटते ती विम्याची. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसासाठी असते, खाजगी गाडीत फुकट बसलेल्या घरच्या माणसांना ती धरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ आणि २००८मध्ये दुचाकीवर मागे बसलेल्यांच्या बाबतीत हेच सांगितलं. पॅकेज, म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत मात्र गाडीतल्या माणसांची जबाबदारी कंपनीवर येते, हे २०१२च्या निकालाने स्पष्ट झालं. चूक समोरच्या ट्रकची असेल तर ट्रकचा विमा आहे. पण चूक सासऱ्यांची ठरली आणि नातीला गंभीर इजा झाली, तर तिच्या भरपाईसाठी विमा कंपनी उभी राहणार नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात आजोबांच्या बचतीवर आणि मालमत्तेवरच बोट ठेवलं जाईल.

त्यात ती पॉलिसीही बहुधा आजेसासऱ्यांच्याच नावावर असणार. मालक वारल्यावर ज्याच्याकडे गाडी येते त्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. तुमच्याकडे सहा वर्षं गेली आहेत. पुण्यातल्या कितीतरी जुन्या घरांत हे असंच राहून गेलेलं असतं, त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. पण दाव्याच्या वेळी कंपनीचा वकील पहिला हात घालतो तो इथेच. पॅकेज पॉलिसी घेतली तरी दोन माणसांच्या गाडीत चौघं बसवलेले असतील, तर वरच्या दोघांसाठी पुन्हा वाद उभा राहील. विमा आरसीवर लिहिलेल्या आसनसंख्येला धरून असतो.

संगम पुलाजवळच्या आरटीओत नाव बदलायला जाल तेव्हा 'व्हिंटेज म्हणूनच नोंदवून टाका' असं कोणीतरी सुचवेल. २०२१पासून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी तशी सोय आहे. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षांसाठी असते. मात्र मग ही गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, देखभाल आणि पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रविवारची खडकवासल्याची फेरी त्यात बसत नाही. सासऱ्यांना गाडी फिरवायला आवडत असेल, तर हा विचार आधी करा.

आता गाडीबद्दल. टीडी देखणी आहे आणि सासऱ्यांचं तिच्यावरचं प्रेम मी समजू शकते. पण तिच्या अंगाचा सांगाडा अ‍ॅश लाकडाचा आहे, चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, डोक्यामागे आधार नाही, वर पक्कं छप्पर नाही. दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असतात. म्हणजे चालत्या गाडीत दाराची कडी निसटली, तर वारा दार मिटू देत नाही, उलट पूर्ण उघडतो. तुमचा मुलगा मांडीवर बसतो तो त्या दाराशेजारी.

'चाळीसच्या वर जात नाही' याचा हिशेब सासऱ्यांसमोर कागदावर मांडा. ताशी चाळीसच्या वेगातली गाडी आदळून अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर पंधरा किलोच्या मुलाला जागेवर धरून ठेवायला जवळपास एकशे नव्वद किलोचं ओझं पेलण्याइतका जोर लागतो. सासूबाईंच्या हातांना ते शक्य नाही, कुणाच्याच नाही. उलट त्यांचं स्वतःचं वजन नातवावर येईल. आणि रविवारी सकाळी सिंहगड रस्त्यावर गडावर निघालेल्या दुचाकी, पीएमपीच्या बस आणि मधेच वळणाऱ्या रिक्षा असतात. तिथे वेग फक्त सासऱ्यांच्या हातात नसतो. ते लहान होते तेव्हा हा रस्ता वेगळा होता, हे तेही नाकारणार नाहीत.

बेल्ट बसवून घेतले तर चालेल का, हा त्यांचा पुढचा प्रश्न असेल. लाकडात अडकवलेला बेल्ट धक्क्याला उपटून येतो, आधार चासीचाच हवा आणि ते काम जाणत्या कारागिराकडूनच व्हायला हवं. व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर चासीला भोक पाडण्याआधी आरटीओला विचारा, कारण चासीत किंवा बॉडीत बदल केलेली गाडी त्या व्याख्येत बसत नाही. एवढं करूनही उघड्या गाडीत खांद्याच्या पट्ट्याला वर आधार मिळत नाही, हाती येतो तो कमरेचा पट्टा. सात वर्षांच्या मुलीला लागणारी, मुलाला उंच बसवणारी बूस्टर सीट खांद्याच्या पट्ट्याशिवाय वापरायची नसते. नुसता कमरेचा पट्टा धक्क्यात लहान मुलाच्या पोटावर सरकतो आणि आतल्या अवयवांना इजा करतो. दंड टळेल, पण मूल वाचेलच असं नाही. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे : दोन्ही मुलांनी या गाडीतून रस्त्यावर जाऊ नये. मुलगी साधारण १४५ सेंटीमीटर उंच झाली की तिच्यापुरता पुन्हा विचार करू, तेव्हाही आजोबांशेजारी एकटीच आणि बेल्ट लावून.

तुमचा अधिकार किती? अज्ञान मुलांचे नैसर्गिक पालक आई-वडील असतात, आजी-आजोबा नव्हे. 'मुलं या गाडीतून जाणार नाहीत' हे ठरवायला तुम्हाला कोर्टाचा कागद लागत नाही. पण हे तुमच्या यजमानांच्या तोंडून जायला हवं. वडिलांशी बोलायचा संकोच मला समजतो, तरी त्यासाठी सुनेला एकटीला पुढे करणं योग्य नाही. नोटीस वगैरे अजिबात नको. एका संध्याकाळी आरसी, पॉलिसी आणि कलम १९४-बी समोर ठेवून दोघांनी मिळून बोला. बोलताना सासऱ्यांकडून काय काढून घेता आहात याचं भान ठेवा. नातवंडांसोबतचा रविवार त्यांच्याकडेच राहू द्या. मुलांना घरच्या नव्या गाडीत, मागच्या सीटवर, त्यांच्या आसनात बांधून आजी-आजोबांसोबत खडकवासल्याला जाऊ द्या. टीडी बंगल्याच्या आवारात उभी असताना मुलं तिच्यात बसतील, ती पुसतील, बॉनेट उघडून आजोबांना प्रश्न विचारतील. त्याला कुठलाही कायदा आड येत नाही.

दरम्यान आरसी आणि पॉलिसीच्या प्रती मला पाठवा. आजेसासऱ्यांचे वारस किती, त्यांत परदेशी कोणी आहे का, मृत्युपत्र होतं का, हेही कळवा. बाकीच्या वारसांच्या ना-हरकतीचा मसुदा कसा करायचा, ते त्यावरून ठरेल.