प्रश्न दुर्बिणीचा, घोळ अर्जातला

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला दोन महिन्यांपूर्वी अपेंडिक्सचा त्रास झाला. दोन दिवस अ‍ॅडमिट करून अँटिबायोटिक्स दिली, बरं वाटलं. सर्जन म्हणतात, थांबून पाहता येईल किंवा काढूनही टाकता येईल. पोटावर छेद देऊन केलं तर माझे दीड पगार, दुर्बिणीने केलं तर दोन पगार खर्च आहे. जास्तीचा अर्धा पगार घालावा का? घाई नाही. आठवड्यापूर्वीच चौघांची आरोग्य पॉलिसी घेतली. एजंट म्हणाले, अर्जात हे दुखणं लिहू नका, दोन वर्षं थांबा, मग क्लेममध्ये करून घ्या. मुलाचा चाइल्ड प्लॅनही (मुलाच्या नावाने विमा आणि बचत) आहे, वर्षाला एक पगार हप्ता, सहा हप्ते भरले. बँकेत एक पगार शिल्लक.

उत्तर : विचारलंत त्याचं उत्तर छोटं आहे. दुर्बीण घ्या, पण पैसे वाचतात म्हणून नव्हे. पाच ते दहा मिलिमीटरची तीन छिद्रं, त्यातलं एक बेंबीपाशी. जखम चिघळण्याची शक्यता कमी, मूल लवकर उठून फिरतं. 1980 मध्ये जर्मनीत कुर्ट सेम यांनी पहिल्यांदा असं अपेंडिक्स काढलं तेव्हा सर्जन मंडळींनी नाकं मुरडली होती (ते पडले स्त्रीरोगतज्ज्ञ!). आता मुलांमध्ये हेच सर्रास होतं. हिशेबाने मात्र अर्धा पगार म्हणजे बारा-तेरा दिवसांची कमाई, आणि दुर्बिणीमुळे तुम्हा दोघांच्या मिळून वाचतील तीन-चार रजा. पूर्ण वसुली नाही. शिवाय सर्जनचा हात मुलांच्या दुर्बिणीवर बसलेला नसेल तर सरावाच्या हाताचा छोटा छेद बरा. मध्येच पोट उघडावं लागलं तर दोन पगारांत भागेल का, हेही आधीच विचारून ठेवा.

आता तुम्ही न विचारलेलं. तुमच्या पत्रातलं ‘घाई नाही’ वाचून मी पेन खाली ठेवलं.

नुसत्या अँटिबायोटिक्सवर ठेवलेल्या मुलांपैकी साधारण तीनातल्या एकाला वर्षाच्या आत ऑपरेशन करावंच लागतं. तुम्हाला थांबायचंय दोन वर्षं. सर्जनने तपासून थांबा म्हटलं तर जरूर थांबा; पॉलिसीची तारीख पाहून थांबू नका. पुन्हा दुखलं आणि पोहोचायला उशीर होऊन अपेंडिक्स फुटलं, तर पोटात पू, शिरेतून औषधं आणि दवाखान्यातला मुक्काम आठवड्यावरही जाऊ शकतो. बजेटमध्ये मी अशा वेळी दुप्पट धरतो, म्हणजे चार पगार.

आणि क्लेम मिळेल हे तुम्हाला सांगितलं कोणी? ज्याला कमिशन मिळालं त्याने. प्रस्ताव अर्ज काढून बघा. ‘यापूर्वी कोणी रुग्णालयात दाखल होतं का?’ या ओळीपुढे ‘नाही’वर खूण असेल, बहुधा एजंटच्या पेनाने, पण खाली सही तुमची. दोन वर्षांनी क्लेमसोबत जुनी कागदपत्रं मागतील. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर तारीख आहे, डिस्चार्ज कार्डावर निदान आहे, आणि नवा डॉक्टर केसपेपरवर पहिल्याच ओळीत लिहील : पूर्वी असाच त्रास. क्लेम तर जाईलच, वर माहिती दडवली म्हणून पॉलिसीच रद्द झाली तर चौघंही उघड्यावर. दोन पगार वाचवायला हा जुगार?

खरं सांगितलं तर काय होईल? बहुधा हप्ता थोडा वाढेल, या दुखण्याच्या क्लेमसाठी काही काळ प्रतीक्षा लागेल किंवा अपेंडिक्सचा खर्च वगळतील. वगळू दे की! अपेंडिक्स माणसाला एकच असतं आणि ते एकदाच निघतं. काढून टाकल्यावर त्या अटीने तुमचं काय बिघडणार आहे?

म्हणजे ऑपरेशन खिशातून. लागणार दोन, शिल्लक एक, आणि ती सगळी संपवायची नाही. चाइल्ड प्लॅनवर कर्ज मिळतं का बघा आणि दीड पगार उचला. पुढचा हप्ता भरण्याआधी, तो थांबवून पॉलिसी ‘पेड-अप’ (पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर चालू) होते का, हेही विमा कंपनीला विचारा, एजंटला नको. असल्या प्लॅनचा परतावा मी काढतो तेव्हा चार-पाच टक्क्यांपुढे क्वचित जातो. मुलाच्या ‘भविष्यासाठी’ सहा पगार गेले आणि मूल आजारी पडलं त्या दिवशी त्यातला छदामही कामी आला नाही. आरोग्य विम्याचा हप्ता वर्षाला पगाराचा तिसरा हिस्सा धरला तरी सहा वर्षांचे दोनच पगार होतात. तेव्हा तो घेतला असता तर तुम्ही मला पत्र लिहिलंच नसतं.

याच आठवड्यात विमा कंपनीला ई-मेल करा : अर्जात ही माहिती राहिली आहे, तपशील आणि डिस्चार्ज कार्ड सोबत जोडलं आहे. पोच जपून ठेवा. पॉलिसी नवी आहे, परत करण्याची मुदत बहुधा शिल्लक असेल. त्यांच्या अटी पटल्या नाहीत तर तो रस्ता आहे. ‘साहेब, कशाला उगाच?’ असा एजंटचा फोन येईल. तो ई-मेल गेल्यावरच उचला.