अमृतसर की जैसलमेर?

प्रश्न : दिवाळीनंतर पाच दिवस मोकळे आहेत. मी, हे, सातवीतला मुलगा आणि ७६ वर्षांच्या सासूबाई असे चौघं जाणार आहोत. मुलाला देशाची सीमा बघायची आहे. ह्यांचं म्हणणं, अमृतसरला जाऊ, सगळं हाताशी आहे. माझा ओढा जैसलमेरकडे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, सपाटीवर मात्र चालतात. सासरे लष्करात होते, १९७१ च्या युद्धात जैसलमेरच्या बाजूला होते. आता ते नाहीत. सासूबाई म्हणतात, "तुम्ही न्याल तिथे येईन." काय करावं?

उत्तर : सासऱ्यांबद्दल दोन वाक्यं लिहून तुम्ही पुढे गेलात. मी मात्र तिथेच थांबले. ती वाक्यं नसती तर लगेच अमृतसर म्हटलं असतं. ती आहेत, म्हणून जैसलमेरला जा.

तुमच्या यजमानांचं म्हणणं चुकीचं नाही. ज्येष्ठांच्या सहली नेणं हे माझं काम आहे आणि त्यासाठी अमृतसर फार सोयीचं. सुवर्णमंदिर, जालियनवाला बाग आणि जुन्या टाऊन हॉलमधलं फाळणी संग्रहालय एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. सीमेवरचं अटारी साधारण ३० किलोमीटर. पण तिथल्या संध्याकाळी झेंडे उतरवण्याच्या सोहळ्यासाठी बराच वेळ आधी जाऊन बसावं लागतं, गर्दी भरपूर आणि बसायला स्टेडियमसारख्या पायऱ्या. एप्रिल २०२५ मध्ये सोहळा आटोपता घेतला गेला, सीमेवरचे दरवाजे बंद ठेवून आणि हस्तांदोलन वगळून. मुलाने जुने व्हिडिओ पाहिले असतील तर त्याला हे आधी सांगायला हवं. शिवाय दिवाळीच्या सुमाराला पंजाबात भाताचं पाचट जाळल्याचा धूर असतो. सासूबाईंना दम्याचा त्रास असेल तर तेवढ्या एका कारणासाठीही मी त्या दिवसांत तिकडे नेणार नाही.

आता जैसलमेर. एक अख्खा दिवस तनोट आणि लोंगेवालासाठी राखून ठेवा. सकाळी लवकर निघा. रामगढमार्गे तनोट साधारण १२० किलोमीटर आहे, रस्ता चांगला. चहा, पेट्रोल, स्वच्छतागृह हे सगळं रामगढलाच उरका, पुढे वस्ती विरळ आहे. तनोटमातेच्या मंदिराची व्यवस्था सीमा सुरक्षा दल पाहतं. १९६५ च्या युद्धात आवारात पडलेले, न फुटलेले तोफगोळे तिथे मांडून ठेवलेत. प्रत्यक्ष सीमा तिथून दिसत नाही. पुढे जायला सुरक्षा दलाची परवानगी लागते, ती मिळेलच असं धरून चालू नका. चौघांची ओळखपत्रं मात्र सोबत असू द्या.

परतताना लोंगेवाला. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या हाताखालच्या २३ पंजाब या पलटणीच्या सुमारे १२० जवानांनी पाकिस्तानी रणगाडे इथे अडवून धरले. जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्री हल्ला करता येत नव्हता. उजाडेपर्यंत या माणसांनाच टिकून राहायचं होतं. उजाडल्यावर विमानं आली आणि उघड्या वाळूवर रणगाड्यांना लपायला जागा उरली नाही. हे तुमच्या मुलाला तिथे उभं राहून सांगा. पकडलेले रणगाडे समोर आहेत, वाळू तीच आहे, आणि त्याचे आजोबा त्या वेळी याच मुलखात कुठेतरी होते. सीमा म्हणजे काय हे त्याला दरवाजा पाहण्यापेक्षा इथे जास्त कळेल, असं मला मनापासून वाटतं.

किल्ला दुसऱ्या दिवशी. ११५६ मध्ये वसवलेला आणि आजही लोक राहतात असा. रिक्षा वर चौकापर्यंत जाते, पुढच्या गल्ल्यांत गुळगुळीत फरशा आहेत, तिथे सासूबाईंचा हात धरा. मुक्कामाला मात्र खाली शहरात राहा. किल्ल्यातल्या हॉटेलांचं सांडपाणी मुरून पायाची माती भुसभुशीत होते, आणि तटबंदीला त्याचा धोका आहे. दोन रात्रींच्या हौसेसाठी त्यात भर घालू नये. सम गावच्या वाळूत उंटावर बसणं सासूबाईंना झेपणार नाही. उंट उठताना जो हिसका बसतो तो गुडघ्यांना आणि कमरेला सोसत नाही. जोधपूर रस्त्यावरचं युद्ध संग्रहालय त्यापेक्षा बरं, तिथे फिरायला सपाट जागा आहे.

प्रवासाचं म्हणाल तर जैसलमेरची विमानं हंगामी असतात, वेळापत्रक बघूनच ठरवा. नाहीतर जोधपूरपर्यंत रेल्वेने जा आणि पुढे गाडी करा. ते अंतर पाच तासांचं आहे, पोखरणला थांबून पाय मोकळे करता येतात. पाचांतले दोन दिवस जाण्यायेण्यात जातील, ते आधीच धरा.

पण तिकिटं काढण्याआधी एक करा. "तुम्ही न्याल तिथे येईन" हे वाक्य मी पुष्कळ सासवांच्या तोंडून ऐकलंय. त्यात होकारापेक्षा संकोच जास्त असतो. त्यांना नवऱ्याबद्दल विचारा. ते कुठल्या पलटणीत होते, तेव्हा घरी पत्रं येत होती का, परत आल्यावर काय सांगायचे. हे मुलासमोर विचारा, त्यालाही ऐकू दे. बोलत्या झाल्या तर जैसलमेरची तिकिटं काढा. कदाचित त्या म्हणतील, नको ते, मला सुवर्णमंदिरात डोकं टेकवायचंय. तसं झालं तर दुसरा विचार न करता अमृतसरला जा. फक्त गुरुनानक जयंतीची, म्हणजे कार्तिकी पौर्णिमेची गर्दी टाळा.