चाळीसपैकी सोळा जण आले नाहीत तर?

प्रश्न : भोसरीत आमचं सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशिनचं) वर्कशॉप आहे. कायम कामगार 25, ठेकेदाराचे 15. फ्लूची नवी महासाथ आलीच तर हाताशी असावेत म्हणून थर्मल गन, मास्क आणि सॅनिटायझर घेणार आहोत. आणखी काय लागेल?

उत्तर : खरेदीच्या आधी एक मोठा कागद घ्या. साथीच्या ऐन भरात दोन आठवडे 40 टक्के लोक येणार नाहीत, असं धरून चला. त्यात आजारी आले, आजाऱ्याची देखभाल करणारे आले आणि शाळा बंद म्हणून मुलांपाशी थांबलेलेही आले. 2009 मध्ये पुण्यात स्वाइन फ्लू भडकला तेव्हा शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. म्हणजे तुमचे 16 जण नसतील. उरलेल्या 24 जणांत कोणत्या ऑर्डरी निघतील आणि कोणत्या ग्राहकाला थांबवावं लागेल, हे आजच ठरवा.

कागदावर एका बाजूला कामं लिहा, दुसऱ्या बाजूला नावं. प्रत्येक चौकटीत ‘एकट्याला जमतं’, ‘देखरेखीखाली जमतं’ किंवा ‘येत नाही’. एकट्याला जमणारा एकच माणूस असेल तिथे लाल खूण करा. मशिनवरची कामं तर तपासाच, पण ऑफिस विसरू नका : पगार, जीएसटी रिटर्न, बँकेची सही, ओटीपी येणारा मोबाइल. प्रत्येक लाल खुणेसाठी दुसरा माणूस तयार करा आणि महिन्यातून एक दिवस ते काम त्याच्याकडूनच करून घ्या; नुसतं दाखवून ठेवलेलं ऐनवेळी आठवत नाही. फोर्कलिफ्ट आणि इलेक्ट्रिक पॅनेल मात्र, कितीही अडलं तरी, प्रशिक्षित माणसाखेरीज कुणाच्या हाती देऊ नका.

थर्मल गनवर विसंबू नका. फ्लूचा माणूस लक्षणं दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून संसर्ग पसरवू शकतो. शिवाय पॅरासिटामॉल घेऊन आलेल्याचा ताप गनला दिसत नाही. तो गोळी घेऊन येतो, कारण खाडा पडला की पैसे जातात. ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) लागू असला तरी आजारपणाच्या भत्त्यात सहसा पहिले दोन दिवस धरत नाहीत, पुढे 70 टक्के मिळतात. पाच दिवसांच्या आजारात हाती येते जेमतेम दोन दिवसांची मजुरी. उरलेली तीन दिवसांची तुम्ही द्या. सोळाही जण आजारी पडले तरी ती 48 हजेऱ्यांच्या आत बसते. ठेकेदाराच्या माणसांसकट हे आत्ताच लेखी जाहीर करा. हात सैल सोडायचा तो इथे.

बाकीचं थोडक्यात. कूलंट-ग्रीसने माखलेल्या हातांवर सॅनिटायझर नीट चालत नाही. साबण लावून 20 सेकंद हात चोळा. वेल्डिंग-ग्राइंडिंगजवळ सॅनिटायझरची बाटली नको, पेट घेते. रोज माणशी दोन मास्क धरले तर 26 दिवसांना 2080 लागतील. नळ आणि कड्या पुसायला 5 टक्क्यांचं हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण) लिटरभर पाण्यात 20 मिली, तेही रोज ताजं. मशिनवर ते वापरलं तर गंज चढतो, आणि संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन सुटतो. जेवताना मास्क उतरतातच, म्हणून तीन तुकड्या करा आणि खिडक्या उघड्या ठेवा.

प्रश्न : फ्लूवरच्या ओसेल्टामिव्हिर या औषधाच्या गोळ्या कारखान्यात साठवाव्यात का?

उत्तर : नको. त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायच्या असतात आणि लक्षणं दिसल्यापासून 48 तासांत सुरू झाल्या तर सर्वांत उपयोगी पडतात. त्यामुळे जवळच्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. दमा किंवा मधुमेह असलेल्या आणि गरोदर कामगारांना ताप-खोकला दिसताच त्याच दिवशी त्यांच्याकडे पाठवा.